बरणीच्या पोटातली जागा

फार वर्षांपूर्वी वसईत एका खोलीच्या घरात रेजिनाबाई राहायची. नाताळासाठी ती घरीच द्राक्षांची वाइन करायची. एरवी काचेची मोठी बरणी कोपऱ्यात ऐसपैस बसायची. रबरी नळी, नरसाळं आणि बुचं मात्र पलंगाखाली पडलेली असायची. केरसुणी रोज त्यांना इकडून तिकडे ढकलायची. त्यांचा जीव थाऱ्यावर नसे.

"बरणीताई, आम्हाला पोटात घे ना," नळी विनवायची.

"इथे फक्त वाइन राहते," बरणी फणकारायची.

पुढे रेजिनाबाईची लेक बाळंतपणाला आली. पाळणा ठेवायला कोपरा हवा होता. "ही बरणी उद्या भंगारात देते," रेजिनाबाई म्हणाली आणि पाण्याला गेली.

बरणीचं धाबं दणाणलं. "या गं, सगळी आत या! लवकर!"

नळी वेटोळं करून आत बसली. मध्ये बुचं मावली. नरसाळं तोंडावर उपडं झालं.

रेजिनाबाई परतली, तर पलंगाखालचा पसारा नाहीसा झालेला. तिने बरणी पुसली आणि त्या मोकळ्या जागेत सरकवली.

काही दिवसांनी कोपऱ्यात पाळणा हलू लागला.

"ताई, माझं टोक टोचतंय का?" नळीने विचारलं.

"टोचतंय. पण हलू नकोस, बाळ आत्ताच झोपलंय."