घुबड गुरुजींनी केलेला घाण्याचा अभ्यास

ह्या गोष्टीचा शेवट आधीच सांगून दाखवा, माझी अर्धी मिशी तुमची!

लई मागं एका कोल्ह्याचा तेलाचा घाणा व्हता. घाण्याचं आडवं लाकूड ओढत बैल दिसभर गोल फिरायचा आन सांजच्याला पेंड खायचा. ती पेंड कोल्ह्याच्या डोळ्यात खुपायची. त्यानं घुबडांच्या विद्यापीठाशी करार केला. कामाची जागा कशी बदलतीया, त्याचा अभ्यास घुबडांनी करायचा आन दिव्याला तेल कोल्ह्यानं द्यायचं.

घुबड गुरुजी आले आन बैलाकडं तोंड करून थेट त्या फिरत्या लाकडावरच बसले.

बैल म्हनला, "गुरुजी, खाली उतरा की. तुमचंबी ओझं वढाय लागतंय."

"गप रे! निरीक्षण चालू आहे."

सांजच्याला गुरुजी म्हनले, "शेठ, सकाळपासून बैल माझ्यासमोर तेवढ्याच अंतरावर आहे. तसूभर हलला नाही. फिरतंय ते रान. बैल नुसता उभा असतो."

"आन मी त्याला पेंड घालतोय व्हय!" कोल्ह्यानं बैलाला हाकललं. बैल अस्वलाच्या घाण्यावर कामाला लागला.

दुसऱ्या दिशी रान काय फिरंना, तेल काय गळंना. गिऱ्हाइकं बरण्या घेऊन वरडाय लागली. शेवटी कोल्ह्यानं सोताच मानेवर जू घेतलं.

वाटंनं जाताना बैल थांबला. "शेठ, डोळ्याला झापडं बांधा, म्हंजी गरगरत न्हाई."

झापडं बांधली, पर मानेचं कातडं सोलून निघालं. आन गुरुजी काय लाकडावरनं उतरंनात. म्हनले, "करार वर्षाचा आहे."