मांडून ठेवलेलं पान

"बुवा, बारा वर्षं एकही खोटा शब्द माझ्या तोंडून गेला नाही. मग माझी वाचासिद्धी कुठं अडली?"

धोंडीबुवांच्या मठात येऊन विश्वंभरशास्त्र्यांनी अजून पायसुद्धा धुतले नव्हते. बारा वर्षं जो खरं बोलतो त्याचा शब्द खरा होतो, असं म्हणतात. याच मठातून ते व्रत घेऊन बाहेर पडले, तेव्हापासून गावोगाव सत्यावरच प्रवचनं करत होते. त्यामुळे आता पंचाईत मोठी होती.

धोंडीबुवा हसले. "आधी जेवायला चल."

पडवीत केळीची पानं मांडली होती. बुवांच्या शेजारच्या पानावर कुणी बसलं नव्हतं. मीठ, लिंबू, चटणी, सगळं वाढलेलं.

"हे कुणाचं?"

"तुझं."

शास्त्रीबुवांच्या अंगावर काटा आला. आपण येणार हे त्यांनी कुणालाच कळवलं नव्हतं. त्यांनी वाकून बुवांचे पाय धरले.

"मी आज येणार, हे आपल्याला दिसलं…"

"मला कुठलं दिसतंय? चंद्राक्काला विचार."

चंद्राक्का मठाचा स्वयंपाक करायची. आता नजर अधू झाली होती. भाताचं पातेलं घेऊन ती सावकाश पानापाशी आली.

"मला काय ठावं, बाबा? जाताना तूच म्हणाला हुतास न्हवं, लवकर येतो आक्का, माझं पान मांडून ठेवा. रोज मांडतीया. तू न्हाई आलास की गाईला घालतीया."

"रोज…?"

"मग? तू खोटं कशाला बोलशील?"

शास्त्रीबुवांना ते आठवतही नव्हतं. निघताना माणूस काहीतरी गोड बोलतो, तसं बोलले असतील. त्यांनी भाताचा घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढा धाक त्यांना कुठल्या देवापुढेही वाटला नव्हता.

जेवणं झाली. संध्याकाळी पलीकडच्या गावात प्रवचन होतं. ते निघाले, तशी चंद्राक्का उंबऱ्यापर्यंत आली.

"आता परत कवा येणार, बाबा?"

शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं… आणि मिटलं. भरल्या सभेत कधी न अडखळणारा माणूस तसाच उभा राहिला.

चंद्राक्का कान देऊन थांबली होती.

"बोल की," धोंडीबुवा म्हणाले. "तिला उद्याची पानं कापून आणायची आहेत."