थोरल्या सारथ्याची तिरकी फळी

फार फार वर्षांपूर्वी घडलेली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एका राज्यात रथांच्या शर्यतींचे भारी वेड होते. सुगी आटोपली की राजधानीबाहेरच्या माळावर शर्यत भरे. दोन घोड्यांचा हलका रथ, त्यावर उभा एकटा सारथी, आणि माळाच्या दोन टोकांच्या दगडी खांबांना वळसे घेत सात फेरे. या माळावर एका सारथ्याने लागोपाठ बारा वर्षे पहिला क्रमांक सोडला नव्हता. लोक त्याला थोरला सारथी म्हणत. तो वारला, त्या वर्षी राजाने शर्यतच भरवली नाही.

त्याचे रथ समुद्रापलीकडच्या एका नगरातून येत. लाल रंगाचे, वजनाला हलके आणि वेगाला तिखट असे रथ घडवण्यात तिथले कारागीर नावाजलेले होते. थोरला सारथी गेल्याचे कळले तेव्हा त्यांनी ठरवले, की त्याच्या आठवणीसाठी त्याच्या शेवटच्या रथासारखे हुबेहूब एकवीस रथ करायचे. एकवीसच. बाविसावा कुणी मागितला तरी द्यायचा नाही. प्रत्येक रथावर पितळेची पट्टी, पट्टीवर सारथ्याचे ससाण्याचे निशाण आणि खाली रथाचा आकडा.

त्या राज्यात एक तरुण सरदार होता. मनाने चांगला होता. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्याने थोरल्या सारथ्याची शर्यत पाहिली, आणि तेव्हापासून त्याला दुसरे दैवत उरले नाही. तो स्वतःही बरा हाकत असे. बाभळीच्या साध्या रथातून एकदा पाचवा आला होता, एकदा चौथा. एकवीस रथांची बातमी कानावर आली तशी त्याने नदीकाठची आमराई देऊन टाकली आणि अकरावा रथ मिळवला.

रथ आला. पाहायला पंचक्रोशी लोटली. सरदार स्वतः मलमलीच्या कापडाने तो पुसत असे. दुसऱ्या कुणाला बोट लावू देत नसे. रथाच्या पूजेला त्याने थोरल्या सारथ्याच्या म्हाताऱ्या बायकोला पालखी पाठवून बोलावले.

म्हातारी रथाभोवती एक फेरी मारून आली.

"कसा झालाय, आजी?" सरदाराने विचारले.

"रंग तोच. चाकाचा आवाजही तसाच असेल," म्हातारी म्हणाली. मग तिने वाकून सारथ्याने उभे राहायच्या फळीवरून हात फिरवला, आणि एकदम हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "अगंबाई! हे पण केलं का त्यांनी?"

"काय, आजी?"

"डावी बाजू बघ. दोन बोटं उंच आहे. सहाव्या वर्षी यांचा डावा पाय मोडला होता, आखूडच राहिला. चालताना जोड्याला जाड तळवा लावायचे, म्हणून कुणाला कळलं नाही. रथावर मात्र अनवाणी उभे राहायचे. म्हणून ही अशी फळी." ती सरळ उभी राहिली. "पण बाबा, तू यावरून शर्यतीत उतरणार असशील, तर आधी सुताराला बोलाव. एका दुपारचं काम आहे."

सरदाराचा चेहरा उतरला. "आजी, याच फळीवर उभं राहून ते सहा वर्षं जिंकले."

"पाय आखूड होता म्हणून जिंकले. तुला देवानं दोन्ही सारखे दिलेत. डाव्या वळणावर रथ तसाही माणसाला उजवीकडे फेकतो. त्यात ही फळी तुला आणखी उजवीकडे ढकलेल."

"पण त्यांच्या रथाला मी रंधा लावू? पाप लागेल मला."

"पाप कसलं त्यात? पहिला रंधा यांनीच लावला की. कारागिरांनी पाठवलेली फळी यांनी उखडून काढली, तेव्हा कारागीर महिनाभर रुसून बसले होते."

सरदाराने मान डोलावली, पण सुताराला बोलावले नाही. फळी बदलली तर रथ अस्सल राहणार नाही, चौदाव्या रथाचा मालक असलेला शेजारचा सरदार हसेल, हे त्याच्या मनातून जाईना. सरावात त्याची कंबर भरून येई. वळणावर तोल जाई. 'सवय होईल,' असे तो मनाला सांगे. मनाला ते पटत नव्हते, हेही त्याला ठाऊक होते.

शर्यतीचा दिवस उजाडला. लाल रथ दिसताच माळावर आरोळी उठली. चार फेरे सरदाराने छान घेतले. तो तिसरा होता. पाचव्या फेऱ्याला त्याने पुढच्याला गाठायला घोडे भरधाव सोडले आणि खांबाला डावे वळण घेतले. त्याचा उजवा पाय फळीवरून सरकला. तो रथाबाहेर फेकला गेला. लगाम मनगटाला गुंडाळलेले होते. त्यांच्या हिसक्याने डाव्या बाजूची कवडी नावाची घोडी गुडघ्यावर कोसळली.

सरदाराचे गळपट्टीचे हाड मोडले, ते दोन महिन्यांत जुळले. कवडीचा गुडघा मात्र जुळला नाही. ती वाचली, पण पुन्हा धावली नाही.

अंथरुणातून उठला त्या दिवशी सरदाराने सुताराला बोलावणे धाडले. फळीला रंधा लागत होता तेव्हा शेजारचा सरदार समाचाराला आला होता. तो हळहळला. "हे काय केलंत? आता हा एकविसांतला राहिला नाही. वीसच उरले."

"असू देत वीस," सरदार म्हणाला. "हे आधी केलं असतं, तर माझी घोडी आज चार पायांवर धड असती."

पुढच्या वर्षी नव्या घोडीसह तो तिसरा आला, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. पहिला तो कधीच आला नाही. पण नंतर तो वळणावर कधी पडला नाही. अंगणात कवडी लंगडत चरत असे, आणि तिच्याजवळून जाताना त्याची नजर दर वेळी खाली जाई.

तात्पर्य : थोरांच्या पायाचे माप घेऊन चालू नये, त्यांनी जसे आपले माप ओळखले, तसे आपण आपले ओळखावे.