न संपणारा तांबडा चिखल

त्या सरोवराकाठी सगळं ठीक चाललं होतं, म्हणजे बदकांचं. दक्षिणेकडची विहीर आटली म्हणून सुगरण पक्षी तिथे येऊन राहिले, त्याला तीन पिढ्या उलटल्या. तरी बदकं त्यांना 'पाहुणे'च म्हणत. जेवलात का, हे मात्र या पाहुण्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं.

सुगरण पक्षी घरट्याच्या आत ओल्या चिखलाचा गोळा थापतात. वजन आलं की घरटं वाऱ्यात झोकांड्या खात नाही, एवढीच त्यातली अक्कल. पण पहिल्या थव्याने येताना जुन्या विहिरीचा तांबडा चिखल मडक्यात घालून आणला, आणि मडकं आलं की मागोमाग मंडळ येतंच. मंडळाने ठराव केला की गोळा लागेल तो याच मडक्यातला. अध्यक्ष कासमचाचा. इतकी घरटी झाली तरी मडकं कधी रितं होईना. चाचा म्हणत, बरकत आहे.

बरकत ऐकून बदकांनी माना ताणल्या. न संपणाऱ्या चिखलात काहीतरी कालवलेलं असणारच. त्यांनी चौकशी नेमली, मडक्याला सील ठोकलं आणि तपासाला घुबड आणलं. त्याला दिवसा काही दिसत नाही, म्हणून ते निःपक्षपाती.

नेमकी तेव्हाच जैतुनबीने तीन अंडी घातली. घरटं तिच्या लतीफने विणलेलं. त्या जातीत राबतो नर आणि नाव होतं मादीचं. गोळा तेवढा थापायचा राहिला होता. उत्तरेचा वारा सुटला, घरटं हेलकावलं, आणि एक अंडं घरंगळत थेट तोंडाशी आलं.

ती चाचांकडे धावली. चाचांनी मुळं कशी जपावीत यावर प्रवचन दिलं, लतीफ गेल्या सभेला का नव्हता ते विचारलं, आणि सील निघेपर्यंत सबूर कर म्हणाले.

"सबूर मी करीन, चाचा," जैतुनबी म्हणाली. "अंड्याला कोण सांगणार?"

मग तिने थोरल्या बदकाला विचारलं, काठावरचा चोचभर चिखल नेऊ का? ते म्हणालं, आमचं मन फार मोठं आहे, पण आधी तुमच्या चिखलाचं मूळ तर कळू दे.

जैतुनबीने काठावर चोच खुपसली आणि गोळा नेऊन थापला.

झालं. तीन पिढ्यांत जमली नव्हती ती एकी त्या दिवशी जमली. मंडळ म्हणालं, तिने घरटं बाटवलं. बदकं म्हणाली, तिने काठ चोरला. दोघांनी मिळून मागणी केली की तिचं घरटं उतरवा.

दोन्ही चिखल ताडून पाहायचे म्हणून घुबडाने पंधरवड्याने मडकं फोडायला लावलं. चाचा एकाएकी म्हणाले, राहू द्या, पोरीला माफ करू. तोवर खापऱ्या उडाल्या होत्या.

वरचा थर काळा. त्याखालचा काळा. थराथरात सरोवरातले शंख आणि बदकांची पांढरी पिसं. अगदी तळाशी चिमूटभर तांबडी धूळ निघाली. घुबड नीट पाहायला वाकलं, त्याला शिंक आली, आणि तीही उडाली.

कासमचाचा गवतावर चोच पुसू लागले. ती आधीच स्वच्छ होती. थोरल्या बदकाने एक पीस उचलून पाहिलं आणि गुपचूप आपल्या पंखाखाली सारलं.

वर फांदीवर, सील लागल्यापासून गोळ्यावाचून राहिलेली सगळी नवी घरटी वाऱ्याने हिंदकळत होती. जैतुनबीचं तेवढं जागचं हललं नव्हतं, आणि त्याच्या तोंडातून नुकत्याच फुटलेल्या अंड्यातली एक ओली चोच बाहेर डोकावत होती.