घाणेमालकाचं तेल

फार पूर्वी, दिवा लावणं हीच मोठी चैन होती त्या काळी, एका तळ्याकाठी एक गाव होतं. तळ्याचं पाणी कुणाला किती द्यायचं हे ठरवायला गाव आपला कारभारी निवडायचं. ज्याला कारभारी व्हायचं असेल त्याने निवडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पारावर यायचं, गावाने दिलेलं पळीभर तेल पणतीत ओतायचं आणि पणती जळेल तोवर बोलायचं. पणती विझली की बोलणं संपलं. शेवटच्या दिवशी लोकांनी आपल्या पसंतीच्या माणसाच्या मडक्यात चिंचोका टाकायचा. पळी सगळ्यांना सारखीच, म्हणून गावाला या रिवाजाचा भारी अभिमान.

त्या गावात एक दोर वळणारा राहायचा. सगळे त्याला दोरवळ्याच म्हणत. त्याची बहीण खालच्या वाडीत दिली होती. हल्ली ती सारखी यायची आणि म्हणायची, "दादा, दोराला आणखी हातभर जोड. विहीर खाली गेली रे."

कारण दोरवळ्याला ठाऊक होतं. खरं तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तेलाच्या घाण्यांचा मालक हा गावातला सगळ्यात श्रीमंत माणूस. त्याने तळ्याचा काठ फोडून आपल्या बागेत चर नेला होता. वाडीच्या विहिरीत झिरपायचं पाणी आता त्याच्या सुपारीच्या झाडांना जात होतं. सगळे मूग गिळून बसले होते.

"मी बोलेन," दोरवळ्या बहिणीला म्हणाला. "कारभारी झालो की पहिल्या दिवशी तो चर बुजवतो."

पहिल्या संध्याकाळी तो पारावर उभा राहिला. बिचाऱ्याला भाषणाची सवय कुठली! रामराम-नमस्कारातच निम्मं तेल जळलं आणि चराचं नाव काढणार तोच पणती विझली. त्याच्याविरुद्ध उभा असलेला गवंडी मात्र बोलतच राहिला. त्याची पणती काही विझेना. गावाच्या पळीवर स्वतःचं तेल घालू नये, असं रिवाजात कुठे सांगितलेलंच नव्हतं. पूर्वी जादा तेल कुणाकडे असायचंच नाही ना!

दुसऱ्या दिवशी घाणेमालक स्वतः दोरवळ्याच्या अंगणात आला. हातात तेलाचा बुधला होता.

"मालक, मी तुमच्याच विरुद्ध बोलणार आहे," दोरवळ्याने सरळ सांगून टाकलं.

"बोला की! मी कुठे तुमचं तोंड धरलंय?" घाणेमालक हसला. "भल्या माणसाचा दिवा अर्ध्यात विझू नये, एवढंच आपलं वाटतं."

दोरवळ्याने विचार केला, तेल त्याचं असलं तरी तोंड माझं आहे. मग घेतलं तर बिघडलं कुठे? त्याने बुधला आत नेऊन ठेवला.

त्या संध्याकाळी त्याची पणती झकास जळली. तो तळ्यातल्या गाळावर बोलला, घाटाच्या पायऱ्यांवर बोलला. लोक माना डोलवत होते. आता चराचं बोलायचं, म्हणून त्याने घसा खाकरला आणि त्याची नजर पणतीवर गेली. बुधला रिकामा होत आला होता. 'आज बोललो तर उद्या दिवा कशावर लावू? उद्या बोलू.' दुसऱ्या दिवशी नवा बुधला आला. चराचं बोलणं पुन्हा उद्यावर गेलं. त्याला कुणीही अडवलं नव्हतं. त्याने स्वतःच स्वतःचा गळा आवळला, आणि तेही इतकं हळूहळू की त्याचं त्यालाही कळलं नाही.

दोरवळ्या निवडून आला. मग त्याच्या कानावर आलं की गवंड्याचं तेलही त्याच घाण्यातलं होतं. कुणीही जिंकलं असतं तरी घाणेमालक हरणार नव्हता.

उन्हाळा लागला. बहीण धापा टाकत आली. "दादा, आता तर तू कारभारी झालास. बुजव की तो चर."

"बुजवतो गं. पण लगेच बुजवला तर घाणेमालक बिथरेल, आणि पुढच्या वेळी दिवा कोण देईल? जरा कळ काढ."

"मग दोर तरी जोडून दे."

कारभाऱ्याला तेवढीही सवड झाली नाही.

बहिणीची लेक पाण्याला गेली. दोर पुरेना म्हणून ती काठावरून ओणवली, आणखी ओणवली आणि खाली गेली. विहिरीत पुरेसं पाणी असतं तर कदाचित वाचली असती. तळाशी दगड आणि त्यांच्यात वीतभर पाणी, एवढंच होतं.

दोरवळ्याने कारभार सोडला. नव्या निवडीच्या वेळी तो पुन्हा पारावर आला, तो फक्त गावाचं पळीभर तेल घेऊन. "मी त्याचं तेल घेतलं आणि गप्प बसलो," एवढं तो बोलला, हुंदका आला, आणि पणती विझली. तो अंधारात बोलत राहिला. पण आता गावाला लखलखीत पणतीची सवय लागली होती.

"याच्याकडे तेलसुद्धा नाही, हा काय कारभार करणार!" असं म्हणत लोक धोतरं झटकून उठले आणि पाराच्या पलीकडे गेले. तिथे एक नवा उमेदवार भरल्या पणतीपुढे घाटाच्या पायऱ्यांवर बोलत होता.

मागे एकटी बहीण उरली. दोरवळ्याने तिला सगळं सांगितलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "दादा, तुझा दिवा जळत होता तेव्हा हे का नाही बोललास?"

पलीकडची पणती उशिरापर्यंत जळत होती. तिथे चराचं नाव कुणी काढलं नाही.

तात्पर्य, मुलांनो आणि मोठ्यांनो: जो सगळ्याच उमेदवारांचे दिवे भरतो, त्याला एकाच गोष्टीवरचं मौन हवं असतं, आणि गाव जोवर माणसाला त्याच्या दिव्यावरून जोखतं, तोवर ते मौन दिवे भरणाऱ्याला फार स्वस्तात मिळतं.