तडकलेल्या चुली

फार पूर्वी स्वादुपिंडाच्या वस्तीत प्रत्येक पेशीला बजावलेलं असे: घरातली एकही चूल मोडायची नाही आणि का म्हणून विचारायचंही नाही. या चुलींच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांच्या, धगीवरच इन्सुलिन तयार व्हायचं.

एकदा साखरेचा पूर आला. रात्रंदिवस पेटून चुली तडकल्या, धगीऐवजी विषारी धूर ओकू लागल्या. ठिणगी नावाच्या तरुण पेशीची शेजारची मावशी त्या धुरात गुदमरून मेली. हादरलेल्या ठिणगीने पहार उचलली आणि आपल्या घरातली तडकलेली चूल फोडली.

"अगं अवदसे! वाडवडिलांची चूल!" थोरली आत्या किंचाळली.

"धड चुली ठेवल्यात, आत्या. हिच्या मातीची नवी घालते."

"टाक ती पहार!"

"नाही टाकणार! मावशीनं तुमचं ऐकलं. तिची एकही चूल मोडलेली नाही. जा, तिला शाबासकी देऊन या."

आणि ठिणगीने फोडलेल्या चुलीची माती मळायला घेतली.