दहा सेकंद पुढं

"आणि या हिरव्या खुणा कशाच्या?" मुजावर सरांनी विचारलं.

"पूर्ण झालेल्या धड्यांच्या, सर," फोन त्यांच्यापुढं धरून प्रांजली म्हणाली. "एकशे बारा धडे. सगळे झाले."

"मग रडतेस कशाला?"

प्रांजलीनं डोळे पुसले.

प्रांजली मगदूम अकरावीत होती. कॉलेजातलं गणित तिला पुरेना, म्हणून सहा महिने ती मोबाईलवर व्हिडिओ बघून ऑनर्स कॅल्क्युलस, म्हणजे वरच्या पातळीचं कलनगणित, शिकत होती. सोमवारी शेवटची तोंडी परीक्षा होती. कॅमेरा चालू, पुढ्यात कोरा कागद आणि समोर परीक्षक. पास झाली तरच पुण्याच्या उन्हाळी वर्गात जागा मिळणार होती. पण वडिलांना दम कुठला? त्यांनी एसटी स्टँडवर अभिनंदनाचा फ्लेक्स लावूनही टाकला होता. त्यात तिचा फोटो सरपंचांच्या फोटोएवढाच मोठा होता.

मुजावर सरांनी तिच्या वडिलांनाही गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून ते गावच्या दर्ग्याची देखभाल बघत. अडलं तर ये, असं त्यांनी दिवाळीतच तिला सांगितलं होतं. तेव्हा ती हसली होती. आता अडत नाही सर, म्हणाली होती.

काल तिनं सरावासाठी कोरा कागद घेतला, आणि दुसऱ्या ओळीलाच डोकं रिकामं झालं. म्हणून आज सकाळी ती दर्ग्यात सरांकडं आली होती.

सरांनी तिची समजूत काढली नाही. त्यांनी फोन मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मग कागद-पेन तिच्यापुढं सरकवलं.

दर्ग्याच्या दुरुस्तीसाठी अंगणात वाळूचा ढीग टाकलेला होता. सरांनी तिकडं बोट केलं.

"त्याच्या टोकावर मिनिटाला एक घनफूट वाळू पडतेय असं समज. ढीग चार फूट उंच होईल तेव्हा उंची कोणत्या वेगानं वाढत असेल? बाकीचं ढिगाकडं बघून ठरव."

असलं गणित तिनं पाहिलं होतं. तिनं शंकूच्या घनफळाचं सूत्र झरझर लिहिलं. मग लक्षात आलं, उंची वाढते तशी त्रिज्याही वाढते. दोन्ही बदलतात…

पेन थांबलं.

सूत्राखालची ओळ कोरीच राहिली.

मग तिच्या अंगठ्यानं कागदाच्या उजव्या कडेवर दोनदा टकटक केलं.

"हे काय केलंस?" सरांनी विचारलं.

"काय केलं, सर?"

सरांनी तिच्या अंगठ्याकडं पाहिलं. तिनंही पाहिलं. अंगठा अजून कडेवरच होता. तिनं चटका बसल्यासारखा तो मागं घेतला.

"व्हिडिओवर…" ती म्हणाली, "दोनदा टिचकी मारली की दहा सेकंद पुढं जातो."

"दहा सेकंदांनी काय असतं?"

"पुढची पायरी."

"ती कोण लिहितं?"

एकशे बारा धड्यांत असं किती वेळा केलं, हे आठवायचीसुद्धा तिला भीती वाटली.

"व्हिडिओतले सर," ती म्हणाली.

तिनं ढिगाकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. आपल्याला पुढचं येत नाही, हे तिनं सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

सरांनी मान डोलावली. खिशातून फोन काढून तो तिच्या हातात दिला.

तिनं तो उघडला नाही. कागदाशेजारी पालथा ठेवला. पेन पुन्हा उचललं.

"सर… सोमवारी असंच अडलं तर?"

"अडू दे," मुजावर सर म्हणाले. "निदान परीक्षेला व्हिडिओतले सर नाही, तू बसलेली असशील."